‘ताईनं स्वतःहून सोडलं’

प्रश्न : मी ४७ वर्षांचा, पुणे जिल्ह्यातला, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. ताई सगळ्यांत मोठी, मग मी, मग धाकटा भाऊ. त्याचं गावात हार्डवेअरचं दुकान आहे. वडील २०१४ साली गेले. तीन एकर वडिलोपार्जित जमीन. वारसनोंदीत सातबाऱ्यावर आई, ताई आणि आम्ही दोघे भाऊ अशी चार नावं लागली. २०१६ मध्ये आई आणि ताईनं आम्हा भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं, रीतसर नोंदणी झाली. ताई स्वतःहून म्हणाली होती, ‘मला काही नको, तुम्ही सुखात राहा.’

ताईचं लग्न १९९८ साली झालं. वडिलांनी ऐपतीबाहेर खर्च केला. सात तोळे सोनं, पाचशे पान, जावयांना मोटारसायकल. ते कर्ज आम्ही २००४ पर्यंत फेडत होतो. शिवाय त्या वेळी मुलींना वडिलोपार्जित जमिनीत हक्क नव्हताच, कायदा २००५ चा. मी डी.एड.ला असताना आई आजारी पडली, तेव्हा घर आणि शेत ताईनंच पाहिलं, हे मी नाकारत नाही. तिचं दहावीनंतर शिक्षण थांबलंच होतं.

२०२३ मध्ये ३० गुंठे रस्त्यात गेले. ९० लाख मोबदला मिळाला, आम्ही भावांनी निम्मा-निम्मा केला. माझ्या ४५ लाखांतले ३० पिंपरीत फ्लॅटला घातले, १५ ठेवीत आहेत. फ्लॅटला मुलगा-मुलगी दोघांची नावं लावणार आहे, मी भेद करत नाही. तेव्हापासून ताई बदलली. फोनवर तुटक बोलते. गेल्या भाऊबीजेला म्हणाली, ‘घरी पाहुणे आहेत, यंदा नको येऊस.’ तिचं सासर करमाळ्याकडे, शेती कोरडवाहू. आई एकदाच म्हणाली, ‘तिला काही दिलंस का?’ बायको म्हणते, जुनं उकरू नका. मी कायद्यानं कुठं चुकलो नाही, कुणाला फसवलं नाही. तरी रात्र-रात्र झोप लागत नाही. ताईचा गैरसमज कसा दूर करू? धाकटा तर विषयच काढू देत नाही.
— एक भाऊ

उत्तर :

नमस्कार.

ताईंचा गैरसमज झालेला नाही. त्यामुळे तो दूर कसा करायचा, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. काय घडलं ते त्यांना नीट कळलेलं आहे, आणि मला वाटतं, तुम्हालाही कळलेलं आहे. म्हणून तुम्ही जे विचारलं नाहीत त्याबद्दलच लिहिते. तुमची झोप त्यानंच उडवली आहे.

पत्र मी पुन्हा-पुन्हा वाचलं. सत्तावीस वर्षांपूर्वीचं लग्न तुम्हाला तोळ्यांसकट आठवतं. किती पान जेवलं, जावयांना काय दिलं, कर्ज कुठल्या साली फिटलं, सगळं. आणि २०१६ चा तो दिवस, ज्या दिवशी ताईंनी सही केली, तो मात्र एका ओळीत संपला. त्या ओळीतही फक्त ताई बोलतात. तुम्ही काय म्हणालात, धाकटे काय म्हणाले, हा विषय घरात पहिल्यांदा कुणी काढला, स्टँप कुणी आणला, ताईंना करमाळ्याहून कोण घेऊन आलं, यातलं काहीच पत्रात नाही.

माणूस स्वतःची समजूत घालताना सहसा धादांत खोटं रचत नाही. घडलेल्यातलंच एखादं वाक्य उचलून जपून ठेवतो आणि त्याच्या आधीची-नंतरची वाक्यं हळूहळू विरून जाऊ देतो. ‘मला काही नको’ असं ताई म्हणाल्या असतीलच. पण ते वाक्य कशाला उत्तर म्हणून आलं होतं?

हक्कसोडपत्राबद्दल मला बहिणींची पत्रं येतात, आणि त्यांत तो दिवस बराच सारखा असतो. सुट्टीला किंवा जत्रेला माहेरी आलेल्या मुलीला एखादी आत्या नाहीतर मावशी बाजूला घेऊन सांगते, ‘भावांशी वाकडं घेऊ नकोस, आईनंतर माहेर त्यांच्याकडंच आहे.’ कागद आधीच टाइप करून आणलेला असतो. त्यात ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दाबदडपणाशिवाय’ हे शब्द वकिलाच्या संगणकात कायमचे तयार असतात. दुय्यम निबंधक कार्यालयात तिला छोट्या कॅमेऱ्यासमोर बसवतात, फोटो निघतो, अंगठा उमटतो. साहेब विचारतात, सही तुमचीच ना, मान्य आहे ना? ती हो म्हणते. त्या वेळी तिच्या मागे भाऊ उभे असतात, ओळख पटवायला आणलेले साक्षीदारही भावांच्याच ओळखीचे असतात, आणि परत घरी जायचं असतं ते भावांच्याच गाडीतून. तिथे नाही म्हणणाऱ्या मुलीला संध्याकाळचं जेवण कुणाच्या ताटात मिळणार आहे?

तुमच्या घरी असंच झालं असं मी म्हणत नाही, मी तिथे नव्हते. तुम्ही होतात. म्हणून तो दिवस तुम्हीच आठवायचा आहे, सकाळपासून. वही घ्या आणि लिहून काढा. कोण कुठे बसलं होतं, आई काय करत होती, ताईंचे यजमान बरोबर आले होते का, सही झाल्यावर कोण काय बोललं. त्यांची ओटी भरली असेल, साडी नेसवली असेल, तर तेही लिहा. साडीचा रंग आठवत असेल तर उत्तम, कारण रंग आठवला की बाकीचंही आठवायला लागतं. आणि लग्नाचा खर्च त्या पानावर येऊ देऊ नका, तो त्या दिवशी झालेला नाही.

त्या खर्चाबद्दल थोडक्यात बोलून घेते. तुमच्या डी.एड.ची फी वडिलांनीच भरली असेल. तुमचं आणि धाकट्यांचं लग्न झालं, त्यालाही खर्च आला असेल. ती बेरीज पत्रात नाही. ताईंनी आईच्या आजारपणात घर आणि शेत सांभाळलं, म्हणून तुम्ही निर्धास्त शिकू शकलात, आणि त्या शिक्षणावर लागलेल्या नोकरीतून पुढे कर्ज फिटलं. तुम्हीच ‘हे मी नाकारत नाही’ असं लिहिलंत. नाकारत नाही म्हणजे मोजलं असं होत नाही.

आता कायद्याचं. ‘त्या वेळी मुलींना हक्क नव्हताच’ हे तुम्ही जितक्या ठामपणे लिहिलंत, तितकंच ते चूक आहे. महाराष्ट्रानं हिंदू वारसा कायद्यात १९९४ सालीच दुरुस्ती केली. २२ जून १९९४ पासून इथली मुलगी वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीनं जन्मतःच हिस्सेदार झाली. त्यातून वगळलं होतं ते त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना. ताईंचं लग्न १९९८ चं. देशभराची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानं येतो, २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते याच्याशी त्याचा संबंध नाही. तुमचे वडील तर २०१४ पर्यंत होते. त्यांच्या स्वतःच्या हिश्श्यात मुलगी १९५६ च्या मूळ कायद्यापासूनच मुलाइतकी वारस आहे.

पण हे तुम्हाला माझ्याकडून कळायची गरज नव्हती. सातबाऱ्यावर ताईंचं नाव लागलं होतं, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. हक्कच नसता तर त्यांच्याकडून सोडून घ्यायचं तरी काय होतं? तुम्ही शिक्षक आहात. शाळेच्या कामात एखादी तारीख शंकास्पद वाटली तर तुम्ही ती तपासल्याशिवाय सोडत नसाल. ही तारीख मात्र इतकी वर्षं तपासली नाहीत, कारण ती चुकीची असण्यातच सोय होती. मला वाटतं, आपण स्वतःला सगळ्यांत जास्त फसवतो ते इथे. खोटं बोलावं लागत नाही, फक्त विचारायचं टाळलं की पुरतं.

आता मला अमेरिकेतला एक प्रयोग सांगू द्या, कारण तुमच्या पत्राचं मर्म मला त्यात दिसलं. लिऑन फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी तो स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर केला आणि १९५९ साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना तासभर अत्यंत कंटाळवाणं काम दिलं. ट्रेमध्ये रिळं भरायची, रिकामी करायची, पुन्हा भरायची, मग लाकडी खुंट्या पाव-पाव फिरवत बसायचं. काम झाल्यावर त्यांना सांगितलं, बाहेर थांबलेल्या मुलीला सांगा की काम फार मजेचं होतं. या खोट्यासाठी काहींना १ डॉलर दिला, काहींना २०. नंतर प्रत्येकाला विचारलं, खरं सांगा, काम कसं वाटलं? २० डॉलरवाल्यांनी सरळ सांगितलं की कंटाळवाणं होतं. १ डॉलरवाले मात्र म्हणायला लागले की तसं बरं होतं, मजा आली. २० डॉलरवाल्यांकडे खोटं बोलण्याचं कारण होतं, पैसे चांगले मिळाले होते. १ डॉलरवाल्यांकडे कारण पुरेसं नव्हतं. डॉलरभरासाठी आपण खोटं बोललो हे मनाला सोसवेना, म्हणून मनानं कामालाच चांगलं ठरवून टाकलं.

२०१६ साली तुमच्या घरात चूल पेटत नसती, सावकार दारात बसला असता, तर तुम्ही आज मला लिहिलं असतंत की ‘गरज होती, ताईचा हिस्सा घेतला, वाईट वाटतं.’ पण तुमचा सरकारी पगार होता, धाकट्यांचं दुकान चालू होतं, आणि कोरडवाहू शेतीत राबत होत्या त्या ताई. घेण्याला पुरेसं कारणच नव्हतं. म्हणून ‘ताईनं स्वतःहून सोडलं’ ही गोष्ट उभी करावी लागली, आणि कारण तोकडं असल्यामुळे ती भक्कमही करावी लागली. लग्नाचा खर्च तिला टेकू, कायद्याचं साल दुसरा टेकू, ‘कुणाला फसवलं नाही’ हा तिसरा. तुम्ही वाईट माणूस आहात म्हणून हे झालं नाही. मोबदल्याचे पैसे येईपर्यंत ही गोष्ट उभीही राहिली. जमीन नुसती जमीन होती, पीकपाणी बेताचं, तोवर कुणाचंच काही अडत नव्हतं. भूसंपादनाची नोटीस सातबाऱ्यावरच्या नावांना आली, त्यात ताईंचं नाव नव्हतं, आणि प्रत्येक गुंठ्याला किंमत आली. त्या दिवसापासून ती गोष्ट तुम्हालाही पटेनाशी झाली. झोप उडाली ती तेव्हापासूनच, असं मला वाटतं.

तुमच्या पत्रात आकडे भरपूर आहेत, पण एक नाही. तो मी काढून देते. चार वारस, म्हणजे ताईंचा चौथा हिस्सा. ९० लाखांचा चौथा हिस्सा साडेबावीस लाख. त्यातला निम्मा तुमच्याकडे आला आणि निम्मा धाकट्यांकडे. तुमच्याकडे ताईंचे सव्वा अकरा लाख रुपये आहेत. ठेवीत तुमचे १५ आहेत. म्हणजे फ्लॅटला हात न लावता हे पैसे देता येतात. मला दाट शंका आहे की हा हिशेब तुमच्या मनात कधीतरी अर्ध्या रात्री होऊन गेला आहे आणि तुम्ही कूस बदलली आहे. आईंचा हिस्सा आणि उरलेले ९० गुंठे हा पुढचा विषय, तो आज मी काढत नाही.

मुलीचं तुम्ही आपणहून लिहिलंत. फ्लॅटला तिचंही नाव लावणार. हे वाचून मला बरं वाटलं. पण तेच वाक्य तुमच्याविरुद्ध साक्ष देतं. मुलीला बरोबरीचा हिस्सा असतो, तो द्यायचा असतो, हे तुम्हाला नुसतं माहीत नाही, तुम्ही ते करायला निघाला आहात. आणि ज्या पैशांतून ती बरोबरी होणार आहे, त्यात एका मुलीचा हिस्सा दिलेला नाही. वीस वर्षांनी तुमच्या मुलानं असाच कागद पुढे केला आणि तुमची मुलगी ‘मला काही नको’ म्हणाली, तर तुम्ही ते राजीखुशीचं बोलणं मानाल का? जे उत्तर आलं, तेच ताईंच्या बाबतीतलंही उत्तर आहे.

आता काय करायचं ते सांगते.

आधी काय करू नका ते. हे वाचून भरून येईल आणि तुम्ही उद्याच करमाळ्याची एसटी धराल, ताईंच्या पाया पडून रडाल, असं होऊ देऊ नका. रडणाऱ्या भावाला बहीण जवळ घेतेच. ‘जाऊ दे रे, माझ्या मनात काही नाही’ म्हणेल, डोळे पुसेल, चहा ठेवेल. तुम्ही हलके होऊन परत याल आणि १५ लाख ठेवीतच राहतील. २०१६ मध्ये त्यांनी हिस्सा सोडला, आता रागही सोडून द्यायचा, असं होईल. ही स्वतःला फसवण्याची पुढची पायरी आहे आणि ती ओळखायला फार कठीण, कारण त्या वेळी आपण अगदी प्रामाणिक आहोत असं वाटत असतं.

म्हणून आधी पैशांचं ठरवा, मग जा. पत्नीशी पहिल्यांदा बोला. ‘जुनं उकरू नका’ असं त्या म्हणतात, त्यात भीती असेल की सगळंच द्यावं लागेल, फ्लॅट जाईल. त्यांच्यासमोर आकडा ठेवा, सव्वा अकरा लाख. धूसर भीतीपेक्षा नेमका आकडा सोसायला सोपा असतो. त्यांनाही माहेर आहे आणि भाऊ असतील तर त्यांच्याही नावावर असा एखादा कागद असेल. तो विषय निघाला तर निघू द्या.

पैसे खात्यावरून खात्यावर पाठवायचे, रोख नाही. भावानं बहिणीला दिलेल्या रकमेवर बहिणीला आयकर लागत नाही, कायद्यानं ती जवळच्या नातेवाइकाची भेट ठरते. एक साधं बक्षीसपत्र करून ठेवलं की पुढे कुणी काही विचारलं तर कागद हाताशी राहतो. नोंदलेलं हक्कसोडपत्र आज कोर्टात टिकेल की नाही, हा प्रश्न तुमच्यासाठी गैरलागू आहे. टिकेल, असं वकील म्हणाले तरी तुमच्या ठेवीतल्या ११ लाखांचं मूळ बदलत नाही.

मग ताईंना भेटा. भाऊबीजेची वाट बघू नका, सण मध्ये आला की ओवाळणी आणि हिस्सा यांची सरमिसळ होते. साध्या दिवशी जा, आणि यजमान घरी असतील तेव्हा जा. बोलणं लांबवू नका. ‘ताई, त्या दिवशी आम्ही तुझ्याकडून सही घेतली. तू नाही म्हणू शकत नव्हतीस, हे मला तेव्हाही कळत होतं. मोबदल्यातला तुझा जो भाग माझ्याकडे आला तो मी आणलाय.’ एवढंच पुरे. लग्नाचा खर्च नाही, वडिलांची इच्छा नाही, ‘तूच म्हणाली होतीस’ नाही. ‘आता तरी बोलशील ना’ हेही नाही, कारण मग ते पैसे बोलण्याची किंमत होतील.

ताई काय करतील ते सांगता येत नाही. पैसे ठेवून घेतील आणि तरी तुटकच बोलतील. किंवा इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं एकदाच बाहेर काढतील, तुम्हाला उभं-आडवं बोलतील. ऐकून घ्या. त्यांच्या सांगण्यात तो दिवस तुमच्या वहीतल्यापेक्षा वेगळा निघाला तर भांडू नका, कारण त्या खोलीत सगळ्यांत जास्त गमावणारी व्यक्ती त्या होत्या आणि अशा माणसाला बारीकसारीक लक्षात राहतं. ‘नको’ म्हणाल्या, तर या वेळी त्यांच्या ‘नको’वर लगेच विश्वास ठेवू नका. पैसे त्यांच्या नावानं वेगळे ठेवा, पावती त्यांच्या हातात द्या आणि निघा.

धाकट्या भावाला तुम्ही तयार करू शकाल असं मला वाटत नाही, निदान बोलून तरी नाही. त्यांनी दिले तरच मी देईन, असं मनात येईल, येतंच. तेही मान्य करू नका. त्यांच्याकडच्या सव्वा अकरा लाखांचं त्यांनी बघावं. तुम्ही दिलेत एवढं त्यांना कळवा, तेही ताईंना देऊन झाल्यावर, आधी नाही. आधी कळवलंत तर घरात बैठक बसेल, मामा-काका येतील, आणि २०१६ मध्ये ज्यांनी ताईंना समजावलं तीच मंडळी आता तुम्हाला समजावतील.

आणि आईंना सांगा. त्यांनी एकदाच विचारलं होतं, तुम्ही त्यांना काय उत्तर दिलंत ते पत्रात नाही. त्यांचीही सही त्याच कागदावर आहे. मुलांकडे राहणारी बाई याहून जास्त विचारू शकत नाही.